नकारघंटा आणि लोखंडाची रेघ

माझ्या बायकोला तिच्या संस्थेत 'नकारघंटा' म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. पण संस्थेतले निम्मे लोक चष्मा माझ्या दुकानातून करून घेतात, आणि नाकावर ती जड चाचणीची फ्रेम चढवून खुर्चीत बसलेला माणूस का कोण जाणे, फार मोकळेपणाने बोलतो. असंच एकाने सांगून टाकलं आणि मग जीभ चावली. त्याला वाटलं मी चिडणार. मी चिडलो खरा, पण तो एवढ्यासाठीच की इतकं चपखल नाव इतकी वर्षं संसार करून मला सुचलं नव्हतं.

आमची ओळखच वादातून झाली. ती चष्मा करायला आली होती. मी काचा बदलत, "आता स्पष्ट की मघाशी स्पष्ट?" हा आमच्या धंद्यातला नेहमीचा प्रश्न विचारला. तिने उलट विचारलं, "ही काच पाव नंबरचीच आहे, हे कशावरून?"

"कडेवर लिहिलंय."

"लिहिणाऱ्याने कशावरून लिहिलं?"

बाहेर गिऱ्हाईकं खोळंबली होती. मी म्हटलं, "बाई, तुम्हाला चष्मा हवाय की माझी जबानी?" दुसऱ्या दिवशी ती तिच्या प्रयोगशाळेत मोजलेली एक काच घेऊन आली आणि माझं नंबर काढायचं यंत्र तपासून गेली. यंत्र बरोबर निघालं. तेव्हा ती पहिल्यांदा हसली, आणि मी कामातून गेलो.

ती काय काम करते हे लोकांना सांगताना माझ्या आईच्या नाकी नऊ यायचे. शेवटी आईने सोपा मार्ग काढला: "सूनबाई एक्स-रेच्या खात्यात आहे." झालं. शेजारपाजारचे लोक गुडघ्याच्या आणि मणक्याच्या प्लेटा घेऊन दारात. ही बाई एकालाही परत पाठवायची नाही. प्लेट खिडकीच्या उजेडात धरायची, नीट बघायची आणि म्हणायची, "हाडातलं मला कळत नाही, पण प्लेट छान आली आहे." लोक समाधानाने घरी जायचे.

खरं काम असं. आकाशात काही तारे जोडीने राहतात. कधी त्यातला एक मरतो, म्हणजे जळायचा थांबतो आणि आक्रसून एखाद्या शहरात मावेल एवढा होतो. वजन मात्र सूर्याहून जास्त. हा मेलेला जोडीदार जिवंत जोडीदाराच्या अंगावरचा वायू ओढत बसतो. (यावर मी घरात करतो ते विनोद इथे लिहिण्यासारखे नाहीत.) ओढलेला वायू सरळ आत पडत नाही. मोरीत पाणी भोकाभोवती गरगरत जातं तसा तो फिरत राहतो, त्याची चकती बनते, आणि ती घासून घासून इतकी तापते की तिच्यातून क्ष-किरण बाहेर पडतात. हे किरण हवा ओलांडून जमिनीवर पोचत नाहीत, म्हणून दुर्बीण उपग्रहावर बसवलेली असते. दुर्बिणीच्या टोकाला टपालाच्या तिकिटाएवढा शोधक असतो. त्यावर येऊन आदळणाऱ्या प्रत्येक किरणाची ऊर्जा मोजायची आणि आलेख काढायचा. त्या आलेखात लोखंडाची एक रेघ उमटते. चकतीत लोखंड असतं थोडंसंच, पण त्याच्या रेघेची जागा ठरलेली. रेघ जागेवरून सरकली, तर वायू कुठेतरी पळतो आहे. जास्त ऊर्जेकडे सरकली, तर तो आपल्या दिशेने येतो आहे.

आता यात माझ्या बायकोचा भाग कोणता? शोधक खरं बोलतोय की थापा मारतोय, हे बघण्याचा. अवकाशातल्या कणांचा मारा खाऊन शोधक म्हातारा होतो आणि दर वर्षी ऊर्जा थोडी थोडी कमी सांगायला लागतो. किती कमी, हे ती शोधते आणि तेवढं वर ढकलायची दुरुस्ती तयार करते. सुरुवातीला शोधकाच्या शेजारी किरणोत्सारी लोखंडाचा एक कण बसवलेला होता, खुणेच्या दिव्यासारखा. पण तो दिवाही वर्षागणिक मंद होत विझत आला. मग तिने आकाशातच खूण शोधली: फार पूर्वी फुटलेल्या एका ताऱ्याचे अवशेष, ज्यांच्या रेघा जागच्या हलत नाहीत. दर सहा महिन्यांनी त्यांच्याकडे बघायचं आणि शोधकाचा कान पिळायचा. जगभरचे लोक तिची ही दुरुस्ती लावून मोठमोठे शोध लावतात आणि लेखाच्या शेवटी आभार मानायलाही विसरतात. मला याचा संताप येतो. तिला येत नाही, आणि त्याचाही मला संताप येतो.

हे सगळं करताना तिने लोकांचे बरेच शोध मोडलेही. कुणी धावत यायचं, "मॅडम, नवी रेघ!" ती बघायची, दोन दिवस मागून घ्यायची, आणि मग हळूच सांगायची की हा तापमानाचा घोळ आहे, किंवा दोन किरण एकदम आदळले आणि शोधकाने ते एकच धरले आहेत. माणूस पडेल चेहऱ्याने जायचा. ती त्याच्यासाठी चहा मागवायची. नकारघंटा वाजली की चहा येतो, असंही माझ्या खुर्चीतल्या त्या माणसाने सांगितलं होतं.

एकदा मात्र चहावर निभावलं नाही. दुसऱ्या शहरातले एक प्रोफेसर आहेत, भल्या थोरल्या मिशांचे. आमच्या घरात त्यांना मिशीवालेच म्हणतात. त्यांनी एका ताऱ्यात अशी खूण शोधली होती की तिच्यावरून तीन-चार सिद्धांत मोडीत निघाले असते. हिने पाहिलं तर ती खूण दुर्बिणीच्या आरशावरच्या सोन्याच्या मुलाम्याची. हिने त्यांना दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्यांनी "भाषणानंतर बोलू" म्हणून ठेवून दिला. मग भाषणातच, भरल्या सभागृहात, मागच्या रांगेतून ही उभी राहिली. पुढचं सांगायला नको. त्यानंतर मिशीवाल्यांनी हिच्याशी बोलणंच सोडलं. एकाच व्यासपीठावर बसले तरी ते छताकडे बघत. मी तेव्हा तिला म्हटलं होतं, "जरा गोडीने घेता आलं नसतं?" ती म्हणाली, "गोडीनेच दोनदा फोन केला होता."

दुसऱ्यांच्या शोधांची धुणी धुणाऱ्या या बाईचं स्वतःचं असं एकच होतं: एक जोडी. कॅटलॉगमधलं तिचं नाव म्हणजे नुसता आकड्यांचा डबा, म्हणून आम्ही तिला 'जोडपं' म्हणायचो. हे जोडपं वर्षानुवर्षं झोपलेलं असतं. चकतीत वायू टाकीसारखा साठत राहतो आणि मग कधीतरी टाकी भरली की एकदम भडकतं, काही आठवडे आकाशात तळपतं आणि पुन्हा गप्प होतं. ती विद्यार्थिनी असताना ते एकदा भडकलं होतं आणि तेव्हा चांगली दुर्बीण नव्हती. आता चांगली दुर्बीण होती, पण म्हातारी. उपग्रह एक-दोन वर्षांत बंद करणार हे ठरलेलं. हिची निवृत्तीही त्याच सुमाराला. म्हणजे आता भडकलं तर भडकलं, नाहीतर तिच्या आयुष्यात नाही.

गेल्या वर्षी ते भडकलं.

मी दुकानात होतो. तिचा फोन आला, "जोडपं उठलं." एवढंच. पन्नाशी उलटलेल्या बाईचा आवाज असा कापत होता की समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं, घरात कुणी आजारी आहे.

दुर्बीण तिकडे वळली, आलेख आला, आणि लोखंडाची रेघ जागेवर नव्हती. ती वर सरकली होती. याचा अर्थ चकतीवरून वायूचं वादळ सुटलं होतं आणि ते आपल्या दिशेने येत होतं. अशा वेगाने की चकती जेवढं गिळते त्याहून जास्त थुंकून टाकते आहे. या जातीच्या जोडीत असं कुणी पाहिलं नव्हतं. हे मी तिच्याकडून ऐकून सांगतोय, पण तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी स्वतः पाहिलं. कोशिंबीर करताना ही बाई गुणगुणत होती.

दुसरा कुणी असता तर त्याच आठवड्यात बातमी देऊन मोकळा झाला असता. हिने दुसऱ्या दिवसापासून स्वतःचाच शोध मोडायला घेतला. दुसऱ्यांना जे जे प्रश्न विचारले ते सगळे स्वतःला विचारले. तापमान पाहिलं. दोन किरण एकत्र मोजले गेलेत का पाहिलं. सोन्याचा मुलामा पाहिला. फुटलेल्या ताऱ्याच्या अवशेषांची आधीची मापं काढून पडताळली. ती चोख होती. दर संध्याकाळी मी विचारायचो, "मोडला?" ती म्हणायची, "नाही." आणि दर वेळी तो 'नाही' थोडा जास्त आनंदी असायचा. मला वाटतं त्या दिवसांत मीच तिच्याहून जास्त हुरळलो होतो. दुकानात येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायचो, लवकरच एक बातमी येईल. एका गिऱ्हाइकाला त्या भरात डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवून दिली.

मोठ्या परिषदेत तिला मुख्य भाषण मिळालं. आणि मग, सगळं सुरळीत चाललेलं असताना, एका सकाळी ती म्हणाली, "आलेख मी मिशीवाल्यांना पाठवते आहे. सगळी मूळ माहिती, सगळी गणितं."

माझं डोकंच फिरलं. "वेड लागलंय का तुला? तो माणूस टपून बसलाय. संस्थेत एवढी माणसं आहेत, त्यांना दाखव."

"त्यांना दाखवलं. सगळे म्हणतात, तुम्ही केलंय म्हणजे बरोबरच असणार." चहाचा कप तिने बाजूला सारला. "अरे, ज्याला माझं चांगलं व्हावंसं वाटतं त्याला माझी चूक दिसणार नाही. मला असा माणूस हवा आहे, ज्याला ती सापडावी असं मनापासून वाटतं."

"आणि सापडली नाही तरी तो काहीतरी काढेल."

"तसं तो करणार नाही. तो भांडकुदळ आहे, खोटारडा नाही."

मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही. तिने पाठवायचं ते पाठवलंच. मिशीवाल्यांकडून पोच आली नाही, नकार आला नाही, काहीच आलं नाही. परिषद जवळ येत होती. ती भाषण लिहीत होती आणि फोन वाजला की लिहिणं थांबवत होती.

मिशीवाले आले ते रविवारी सकाळी, न कळवता. दार मी उघडलं. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या आणि खांद्याला कॉम्प्युटरची बॅग. "मॅडम आहेत का?" बोलणं सोडल्यानंतर त्यांच्या तोंडून तिच्यासाठी निघालेला हा पहिला शब्द. मला त्यांना दारातूनच परत पाठवावंसं वाटलं, कारण त्यांचा चेहरा मला ओळखीचा होता. मोतीबिंदू नसून काहीतरी वाईट आहे, हे गिऱ्हाइकाला सांगून डॉक्टरकडे पाठवताना माझाही चेहरा तसाच होत असणार.

ती आतून आली. दोघं जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसली. त्यांनी चहा नको म्हटलं.

"महिनाभर मोडायचा प्रयत्न केला," ते म्हणाले. "शेवटच्या आठवड्यापर्यंत काही सापडेना. मग मी ठरवलं, आता आलेखाकडे बघायचं नाही, तुमच्याकडे बघायचं. ही बाई काय करेल? ही बाई कुणावर विश्वास ठेवणार नाही. उपग्रहाकडून जे काही येईल त्याला ही आधी स्वतःच्या हाताने दुरुस्ती लावेल, मगच पुढे जाईल. बरोबर?"

"बरोबर. पहिलं काम तेच."

"मॅडम, ती दुरुस्ती आता आधीच लावलेली असते."



झालं होतं ते असं. शोधकाची दुरुस्ती प्रत्येकाने आपापल्या हाताने लावू नये, माहिती जमिनीवर उतरताच पहिल्या पायरीलाच ती लागावी, असं ही कित्येक वर्षं उपग्रहवाल्यांच्या मागे लागली होती. ते दर वेळी म्हणायचे, लवकरच करू. इतक्यांदा म्हणाले की हिने त्यांच्या सूचना वाचणंच सोडून दिलं. आणि जोडपं भडकायच्या थोडंसं आधी त्यांनी ते खरोखर केलं. तिचंच ऐकून, तिचीच दुरुस्ती, तिच्याच आकड्यांनी. तिने सवयीने ती पुन्हा लावली. शोधक ऊर्जा जेवढी कमी सांगत होता तेवढी दोनदा वर ढकलली गेली, आणि रेघ सरकली. अवशेषांची मापं चोख निघाली होती कारण ती जुन्या पद्धतीने उतरवलेली होती, त्यांना दुरुस्ती एकदाच लागलेली. म्हणजे वादळ कुठेच नव्हतं. होती ती फक्त तिची काळजी, दुप्पट झालेली.

तिने टेबलावरच स्वतःचा कॉम्प्युटर उघडला, आपल्या हाताची दुरुस्ती काढून टाकली आणि गणित पुन्हा चालवलं. आम्ही तिघंही पडद्याकडे बघत होतो. रेघ हलली आणि ठरलेल्या जागी जाऊन उभी राहिली. इतकी सरळ, इतकी शहाण्यासारखी, की मला तिचा राग आला.

मिशीवाले म्हणाले, "आयुष्यात एकदा तरी तुमची चूक पकडायची, असं किती वर्षं मनात होतं. आज गाडीतून येताना वाटत होतं, घर सापडू नये."

मी वाट बघत होतो की आता ती कोलमडेल. ती पुढे झुकली आणि म्हणाली, "पण सर, दोनदा लागली आहे हे पक्कं कसं केलंत? नुसता अंदाज पुरणार नाही." आणि तिच्या डोळ्यांत ते होतं, जे ती माझ्या दुकानातल्या खुर्चीत बसून 'कशावरून?' विचारत होती तेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं होतं. त्यांनी बॅगेतून कॉम्प्युटर काढला. मग तासभर ती दोघं दोन पडद्यांवर वाकून बोलत होती, एकमेकांचं वाक्य तोडत, मध्येच हसत, आणि मी वेड्यासारखा बाजूला बसून होतो. एवढा जीव लावून आपल्याच स्वप्नाची फाडाफाड करणारी माणसं मी पाहिलेली नव्हती. मला तिचा अभिमान वाटत होता आणि कुणाला तरी चोपावंसंही वाटत होतं. चहा मीच केला. या वेळी मिशीवाले नको म्हणाले नाहीत.

ते गेल्यावर तिने लगेच परिषदेच्या लोकांना फोन लावला. भाषण रद्द करायचं नाही, विषय बदलायचा आहे, असं सांगितलं. नसलेलं वादळ कसं दिसतं आणि ते दुसऱ्या कुणाला दिसू नये म्हणून काय करायचं, यावर ती बोलणार होती. आणि दुसरं नाव मिशीवाल्यांचं घालायचं. आवाज अगदी सरळ होता. पलीकडचा माणूस बहुधा हळहळत होता, कारण ती त्याची समजूत काढत होती.

मग ती कप विसळायला गेली. मीही मागोमाग गेलो आणि कपडा घेऊन पुसायला उभा राहिलो. मला बोलायचं नव्हतं, पण माझी जीभ कधी गप्प बसली आहे? "त्याला पाठवलं नसतंस तर कुणाला कळलं नसतं," मी म्हटलं.

"कळलं नसतं," ती म्हणाली. तिने नळ बंद केला. दोन्ही ओले हात ओट्यावर टेकवले, आणि इतक्या वर्षांच्या संसारात कुठल्याही आलेखाबद्दल, कुठल्याही ताऱ्याबद्दल जे तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं ते ती बोलली.

"मला ते खरं हवं होतं रे. फार हवं होतं."

आणि ती रडायला लागली, लहान मुलीसारखी, आवाज न लपवता. मी तिला जवळ घेतलं. "मलाही," मी म्हटलं.